‘मी बघते’ आणि ‘राहू दे’

दूध वर येईपर्यंतचा वेळ मावशींनी देवासाठी राखून ठेवला होता. गॅस मोठा करायचा, पातेल्यावर पळी आडवी टाकायची आणि खिडकीकडे तोंड करून हात जोडायचे. मग शेजारच्या खोलीतल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणायच्या, "देवा, सगळे सुखरूप आहेत. पोरगा गाडीवर गेलाय, सून घरात आहे, यांना रात्री झोप लागली. आजचं मी बघते." तेवढ्यात दूध फसफसून यायचं आणि देवाची सुटका व्हायची.

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात ही प्रार्थना ऐकून सुनेला हसू आवरलं नव्हतं. तिच्या माहेरी देवापुढं सगळे मागायलाच उभे असत. इथं सगळंच उलटं. इथं देवाला घरबसल्या खबरबात मिळायची, आणि वर सांगितलं जायचं की या घरात तुम्ही लक्ष घातलं नाहीत तरी चालण्यासारखं आहे. सासूबाईंचा देवावर विश्वास होता, त्यात शंका नाही. भरवसा मात्र नव्हता. घरी आलेल्या थोर पण विसराळू पाहुण्याशी वागावं तसं त्यांचं देवाशी वागणं होतं. मान द्यायचा, चांगल्या खुर्चीत बसवायचं, पण काचेची भांडी काही त्याच्या हातात द्यायची नाहीत.

सून त्यांना आई म्हणायची, पण साऱ्या इमारतीच्या त्या मावशी होत्या, आणि पाठीमागं ‘मीबघते मावशी’. कुणाचा नळ गळू दे, कुणाचं दार आतून अडकू दे, कुणाची पोरगी रुसून गच्चीवर जाऊन बसू दे, मावशींचं पहिलं वाक्य ठरलेलं. आणि गंमत म्हणजे त्या खरंच बघायच्या. अंगानं त्या एवढ्याशा. पण सारी उमर एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेलेली, ओल्या चादरींचे ढीग हौदातून ओढून काढण्यात. दंड असे झाले होते की सुनेला बरणीचं झाकण उघडलं नाही तर ती बरणी मुकाट्यानं सासूपुढं ठेवायची. पाठची भावंडं लहान असताना आई गेली तेव्हा घर चालवायला मावशीच उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा त्यांनी देवाकडं एक गोष्ट मागितली होती म्हणे, आणि ती मिळाली नव्हती. काय मागितलं होतं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि ते अंदाजानं कळण्यासारखं असल्यानं सुनेनंही कधी विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी मागणं सोडलं ते सोडलंच.

त्यांचे यजमान म्हणजे दादा. दादांचं चौकात केस कापायचं दुकान होतं. मावशी जितक्या घाईच्या तितके दादा सावकाश. कुणी पैसे नंतर देतो म्हटलं, "राहू दे." कुणी रांगेत घुसलं, "राहू दे." गिऱ्हाइकाच्या मानेभोवती कापड बांधून ते आरशात बघत विचारायचे, "मिशी राहू दे?" त्या इमारतीत लोक म्हणायचे, या घरात एक ‘मी बघते’ आणि एक ‘राहू दे’, म्हणून संसार झाला. दोन ‘मी बघते’ असत्या तर डोकी फुटली असती, आणि दोन ‘राहू दे’ असते तर चूल पेटली नसती.

मग एके दिवशी दुकानातच दादांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळे शब्द गेले, एक तेवढा राहिला. तो कुठला, हे सांगायला नको. भूक लागली तरी "राहू दे", तहान लागली तरी "राहू दे", पाठ दुखली तरी, खिडकीवर पाखरू बसलं तरी "राहू दे". डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की त्यांना म्हणायचं बरंच काही असतं, पण बाहेर पडताना तेवढंच पडतं, तेव्हा त्या शब्दावर जाऊ नका. मावशी शब्दावर जातच नसत. त्या सुरावर जात. वरच्या पट्टीतलं ‘राहू दे’ म्हणजे पाणी, ओढलेलं म्हणजे कूस बदलायची आणि पुटपुटलेलं म्हणजे लाज वाटतेय, सुनेला बाहेर पाठव. सुनेला हे सगळे ‘राहू दे’ सारखेच वाटायचे.

दादा उंचपुरे, हाडापेरानं मजबूत. रोज सकाळी त्यांना पलंगावरून उठवून खिडकीपाशी खुर्चीत बसवणं, आणि जेवणानंतर परत पलंगावर आणणं, हे मावशींचं काम होतं आणि त्यात वाटेकरी नव्हता. त्या गुडघ्यात वाकायच्या, दादांचा चांगला हात आपल्या मानेभोवती घ्यायच्या, त्यांचं कपाळ आपल्या खांद्यावर टेकवायच्या, आणि "हं, चला साहेब" म्हणत एका दमात उठायच्या. चिमणीनं पोतं उचलावं तसं ते दृश्य होतं. पोतंही असं, की उचलताना डोळे मिटून घ्यायचं आणि खुर्चीत टेकल्यावर उघडायचं. सून मदतीला पुढं झाली की मावशी कोपरानं तिला मागं सारायच्या. तुला जमायचं नाही, माझा हात बसलाय, मध्ये आलीस तर तिघंही पडू. डॉक्टरीणबाईंनी एकदा बजावलं होतं की माणूस रोज उठून बसला पाहिजे, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यावर मावशी नुसत्या हसल्या होत्या. जोवर त्या होत्या तोवर तो प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी दूध नुकतंच खाली घेतलं होतं. सून भांडी विसळत होती आणि मावशी दादांना उठवायला निघाल्या होत्या. तेवढ्यात दार वाजलं. बेल सोडून कुणीतरी हातानंच थापा मारत होतं. दारात खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शाळेतल्या बाई उभ्या, केस अर्धे बांधलेले, एका पायात चप्पल. त्यांचे म्हातारे वडील न्हाणीघरात घसरले होते. लागलं नव्हतं काही, पण ओल्या फरशीवर बसले होते ते उठताच येत नव्हतं, यजमान घरी नव्हते आणि बाईंच्यानं ते हलत नव्हते.

"मी बघते," मावशी म्हणाल्या.

सून म्हणाली की आई थांबा, समोरच्या दोघांना हाक मारते, पुरुषमाणसं आहेत. ते वाक्य पुरं होईपर्यंत मावशी जिन्याच्या वळणावर पोचल्या होत्या. मग खाली काय झालं ते नंतर शाळेतल्या बाईंनी सांगितलं. मावशींनी म्हाताऱ्याला नेहमीच्या रीतीनं धरलं. पण दादांना त्या रीतीची सवय होती, म्हाताऱ्याला नव्हती. अर्ध्यावर उठल्यावर तो घाबरला आणि त्यानं मावशींच्या उजव्या हाताला लोंबकळून सगळा भार टाकला. ओलं कापड फाटावं तसा आवाज आला. तरी मावशींनी त्याला सोडला नाही. उभा केला, भिंतीला टेकवला, स्टुलावर बसवला, वर "आजोबा, उद्यापासून फरशी कोरडी करून मग आंघोळ" असा दमही भरला. आणि जिना चढून घरी आल्या.

चेहरा पांढरा पडला होता. सुनेनं विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, दम लागलाय. आणि त्या दादांच्या खोलीत गेल्या.

पडल्याचा आवाज झालाच नाही. काहीतरी जड, मऊ, हळूहळू घसरत गेल्यासारखं ऐकू आलं म्हणून सून धावली. पलंगाला पाठ टेकून दोघं जमिनीवर बसली होती, बागेतल्या बाकावर बसावं तशी, शेजारी शेजारी. दादांचा चांगला हात अजून मावशींच्या मानेभोवती होता. त्यांनी सुनेकडं बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "राहू दे."

मावशींना हसू फुटलं. हसता हसता त्या एकदम थांबल्या आणि सुनेनं त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेलं वाक्य ऐकलं.

"हात वर जात नाहीये गं."

खांद्याचा स्नायू फाटला होता. डॉक्टरीणबाईंनी हात गळ्यात बांधून दिला आणि सांगितलं की हा हात वेणीफणीपुरता कधी ना कधी वर जाईल, पण वजन उचलायचं आता विसरा. मावशींनी विचारलं, बादली? तर म्हणाल्या, बादलीसुद्धा नाही. मग मावशींनी विचारलं, माणूस? डॉक्टरीणबाईंना ती थट्टा वाटली. त्या हसल्या, आणि मावशींचं तोंड बघून त्यांनी हसू मागं घेतलं.

पोरगा मालाच्या गाडीवर होता, लांबच्या फेरीवर. त्याचा फोन आला. तो मुळात बापावर गेलेला, सावकाश, पण या वेळी त्यानं सगळा विचार करून ठेवला होता. शहराच्या पलीकडच्या टोकाला आजारी माणसांना सांभाळणारं एक घर होतं. त्याच्या ओळखीच्या एकाचे वडील तिथं होते. स्वच्छ होतं, उचलायला धडधाकट माणसं होती, आठवड्यातून दोनदा भेटायला जाता येत होतं. रविवारी तो येईल आणि बाबांना स्वतः नेऊन सोडेल. हे सगळं बोलताना तो मध्येमध्ये खोकत होता, आणि त्याला खोकला झालेला नाही हे घरातल्या दोघींनाही कळत होतं.

मावशी म्हणाल्या, "तू नको काळजी करूस. मी बघते."

तो म्हणाला, "आई, तू आता काय बघणार?"

वाईट बोलला नव्हता तो. खरं बोलला होता, म्हणून ते जास्त लागलं.

त्यानंतरचे दिवस घरात विचित्र गेले. दादा पलंगावरच. शाळेतल्या बाईंचे यजमान, उपकाराची फेड म्हणून, दोनदा वर आले. दुसऱ्या खेपेला त्यांचीच कंबर धरली आणि ते भिंत धरत जिना उतरले. सुनेनं एकदा प्रयत्न केला. मावशी बाजूला उभ्या राहून सूचना देत होत्या, गुडघ्यात वाक, श्वास धर, त्यांना जवळ घे, अगं अशी नाही, अशी. दादा वीतभर वर आले आणि परत गादीवर बसले. सुनेच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. दादांची पाठ लाल दिसायला लागली होती. मावशी ती लाली रोज बघायच्या.

शुक्रवारी दुपारी सून भाजी घेऊन परत आली तर दादांच्या खोलीचं दार लोटलेलं. आत मावशींनी चादरीची घडी करून तिचा एक फास दादांच्या काखेतून घेतला होता आणि दुसरं टोक स्वतःच्या मानेत अडकवलं होतं. एका हाताची त्यांची नवी रीत. दादांनी डोळे घट्ट मिटलेले.

"आई, काय करताय तुम्ही?"

"काही नाही, नुसतं बघत होते."

सून एरवी उलट बोलणारी नव्हती. पण तिनं भाजीची पिशवी खाली ठेवली, सासूच्या मानेतली चादर सोडवली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तुम्ही पडलात तर दोघांचं कोण बघणार? मी? मला कधी काही बघू दिलंत तुम्ही? बादली उचलली तरी हातातून काढून घेता. चार वेळा विचारलं तर एकदा ‘ठेव तिथं’ म्हणता. आणि माझंच काय, तुम्ही तर देवालासुद्धा हात लावू देत नाही कशाला."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, शेवटचं वाक्य नको होतं. मावशी दादांच्या उशाशी बसल्या आणि चादरीची घडी एका हातानं मोडत राहिल्या.

शनिवारी सकाळी दूध उतू गेलं.

त्या घरात ते कधी झालं नव्हतं. करपल्याचा वास आला म्हणून सून स्वयंपाकघराच्या दाराशी आली, आणि गॅस बंद करायला पुढं होता होता थबकली. मावशी खिडकीपाशी उभ्या होत्या. हात जोडता येत नव्हते, एकच उभा धरला होता. दूध पातेल्यावरून, गॅसवरून, कट्ट्यावरून खाली ठिबकत होतं आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

"देवा," त्या म्हणाल्या, "आज सांगायला काही नाही माझ्याकडं. हात गेला. उद्या हे जातील. मी बघते म्हणायला आले होते, पण नाही." त्यांचा आवाज खाली आला. "मला नाही बघवत आता."

आतून दादांचा आवाज आला. "राहू दे."

मावशी गर्रकन वळल्या. बिचाऱ्या देवावरचा राग नवऱ्यावर निघाला. "काय राहू दे? तुमचं आपलं जन्मभर सगळ्याला राहू दे. उद्या उचलून नेतील, तेव्हाही म्हणा, राहू दे."

"राहू दे," दादा पुन्हा म्हणाले. ना वरच्या पट्टीत, ना ओढून, ना पुटपुटून. सुनेला तर नेहमीसारखंच वाटलं. खरं सांगायचं तर तिला वाटलं, त्यांना पायावरची चादर नको असेल. पण मावशी जागच्या जागी उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी सूर ऐकला होता, शब्द कधी ऐकलाच नव्हता. आज तो कानावर पडला, नुसता, जसा आहे तसा.

त्या परत खिडकीकडं वळल्या. आता आवाज मोठा नव्हता. समोर बसलेल्याशी बोलावं तसा होता.

"ऐकलंस ना, हे काय म्हणतायत? मला मागता येत नाही. सवय गेलीय. हे म्हणतायत तेच माझं समज. राहू दे यांना. इथंच राहू दे. कसं ते मला माहीत नाही, माझ्या अंगात आता ती ताकद नाही. तुझ्यावर टाकलं बघ." वर त्या म्हणाल्या, "एकदा मागितलं होतं तेव्हा दिलं नव्हतंस. तरी टाकते."

मग त्या स्टुलावर बसल्या, चांगला हात मांडीवर ठेवून. सुनेनं गॅस बंद केला, दूध पुसलं. फडकं चुकीचं घेतलं होतं, काचेच्या भांड्यांचं. आता टोकतील म्हणून ती वाट बघत राहिली, पण सासूबाईंनी टोकलं नाही.

दुपारी दादांचा दुकानातला भागीदार आला. दादांच्या हाताखाली शिकून मोठा झालेला, आता दुकान तोच चालवायचा, आणि शनिवारी दुकान जरा सैल पडलं की दादांची दाढी करायला यायचा. एरवी मावशी दादांचं डोकं धरून उभ्या राहायच्या आणि वस्तरा कसा धरावा हे त्या न्हाव्यालाच सांगायच्या. आज त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिल्या. भागीदारानं दोनदा मागं वळून बघितलं. वहिनींनी टोकलं नाही म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय, हे त्याला कळलं. त्यानं सुनेला विचारलं आणि सुनेनं रविवारचं सांगितलं.

भागीदाराचा हात थांबला. दादांच्या अर्ध्या गालावर साबण तसाच. तो चाचरत म्हणाला की वहिनी, रागावू नका, पण दादांची खुर्ची मागच्या खोलीत पडून आहे. नव्या आल्या तेव्हा काढली, पण विकायला मन झालं नाही. दादा आजारी पडले त्या साली मी विचारलं होतं, आणून देऊ का म्हणून. पायानं थोडं थोडं दाबलं की वर जाते, दांडा पार खाली दाबून धरला की खाली येते, माणूस उचलावा लागत नाही.

सुनेला ते आठवत होतं. "घरात मी जिवंत असताना लोखंड कशाला?" असं म्हणून मावशींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. तिनं सासूकडं बघितलं. नाही म्हणतील, आता म्हणतील, असं तिला वाटत होतं.

मावशी खाली बघत होत्या. "केवढी जड आहे ती," त्या म्हणाल्या. "वर कशी आणणार?"

"ते आम्ही बघू, वहिनी."

मावशींचे ओठ हलले. सवयीचा शब्द ओठांपर्यंत आलेला सुनेनं बघितला. तो परत गेला. "बरं," मावशी म्हणाल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत चौघांनी मिळून ती खुर्ची जिन्यानं वर आणली. कठड्याचा रंग गेला, समोरच्यांच्या दाराला पोचा आला, एकाचं बोट चेंगरलं आणि तो काय बोलला ते शाळेतल्या बाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. खुर्ची म्हणजे जुन्या जमान्याचं धूड. पांढरा मुलामा दिलेला लोखंडी बुंधा, भेगाळलेलं लाल चामडं, बाजूला पायाचा दांडा. भागीदारानं एका अंगाचा हात स्क्रू काढून सोडवला आणि खुर्ची पलंगाला चिकटून ठेवली. दादांनी तिच्याकडं बघितलं आणि चांगला हात लांब करून चामड्यावर ठेवला. काही म्हणाले नाहीत. एकच शब्द असलेला माणूस गप्प बसला की ते किती मोठं गप्प बसणं असतं, ते सुनेला त्या दिवशी कळलं.

पण काम काही सरळ झालं नाही. खुर्ची पलंगाच्या उंचीला आणली, दादांच्या अंगाखाली चादर सरकवली आणि ती धरून ओढलं. दादा अर्धे आले आणि पलंग नि खुर्ची यांच्या मधल्या फटीवर अडकले. ना इकडचे ना तिकडचे. सून ओढतेय, भागीदार ओढतोय, मावशी एका हातानं ओढतायत. दादांनी आपला शब्द उच्चारला आणि या वेळी त्याचा अर्थ सगळ्यांनाच कळला. सून दमून बाजूला झाली, तिचा पाय दांड्यावर पडून तो पार खाली दबला, आणि खुर्ची सूऽऽ करत खाली बसायला लागली.

भागीदार ओरडला. पण खुर्ची खाली गेली, चादरीला उतार मिळाला, आणि दादा आपोआप, कुणी हात न लावता, अलगद सरकून खुर्चीत येऊन बसले.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. सुनेच्या ध्यानात आलं ते असं, की जाताना खुर्ची पलंगापेक्षा खाली हवी, आणि येताना पलंगापेक्षा वर. म्हणजे माणूस दोन्ही वेळेला उताराला. चढ कुठं नाहीच. ती चूक तिच्या पायानं केली नसती तर तिघं रात्र होईस्तोवर ओढत बसले असते.

परत आणायची वेळ झाली तेव्हा मावशी म्हणाल्या, मी करून बघू का? त्यांनी दांड्यावर पाय ठेवला आणि दाबला. दादा बोटभर वर गेले. परत दाबला. परत वर. रोज मानेवर घेतलेलं ते सगळं वजन, ज्यानं त्यांचा श्वास बंद व्हायचा, ते वर चाललं होतं आणि मावशी सहज उभ्या होत्या. दादांचे डोळे उघडे होते.

"अगं, हे वर जातायत," मावशी म्हणाल्या, "आणि मी काहीच करत नाहीये."

भागीदार अभिमानानं म्हणाला, "आत तेल आहे, वहिनी. जोर सगळा त्याचा. आपण नुसता पाय ठेवायचा."

मावशींनी त्याच्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. दांडा दाबायचं त्या विसरूनच गेल्या होत्या. शेवटी सुनेनंच चादर धरली आणि दादा उतारानं गादीवर गेले.

रविवारी पोरगा आला. बापाच्या कपड्यांसाठी रिकामी बॅग घेऊन आला होता. ती त्यानं दाराशीच ठेवली, आत आणायला त्याचा हात धजेना. मावशी त्याच्याशी वाद घालतील म्हणून तो रस्ताभर उत्तरं जुळवत आला होता. मावशी वादाला उभ्याच राहिल्या नाहीत. तू आधी बघ, मग ठरव, असं म्हणाल्या. सुनेनं आणि मावशींनी दादांना पलंगावरून खुर्चीत नेलं, खुर्चीतून पलंगावर आणलं. पोरानं बापाची पाठ बघितली, दांडा दोनदा दाबून बघितला, जमिनीवर बसून खुर्चीच्या बुंध्याला हात लावून बघितला. गाडीवर राहणारा माणूस, यंत्रावर त्याचा पटकन जीव बसतो. मग तो म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना विचारतो. पण जमतंय असं दिसतंय." आणि जरा वेळानं, वर न बघता, "राहू देत इथंच."

जेवताना तो म्हणाला, आई, तू पण कमाल केलीस. एका हातानं.

मावशी म्हणाल्या, "मी कुठं काय केलं? मी मागितलं."

त्याला वाटलं, खुर्ची मागितली. सुनेनं त्याला काही सांगितलं नाही. काही गोष्टी सांगताना लहान होतात.

मावशी एकदम संत झाल्या, असं मात्र कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी उभं राहून त्या म्हणाल्या, "आजचं मी ब...", आणि जीभ चावली. भागीदार खुर्ची तपासायला आला तर त्याला तेल कुठल्या कंपनीचं घालतोस म्हणून हटकलं. शाळेतल्या बाईंच्या वडिलांना अजून फरशीवरून दम मिळायचा, आता जिन्यातूनच. फरक एवढाच, की दुधाकडं आता सुनेला बघावं लागायचं. मावशींचं देवाशी बोलणं लांबत चाललं होतं, आणि त्यात मध्येमध्ये बरीच शांतता असायची. मागण्या फार नव्हत्या. कधी नुसतं "हे तुझ्यावर, हे तुझ्यावर" एवढंच ऐकू यायचं, वाणसामान एकेक करून पिशवीतून काढून ठेवावं तसं. देव काय देतो नि काय देत नाही याचा हिशेब त्यांनी सोडला होता. एकदा सुनेनं विचारलं, की आई, त्या वेळी मागितलं आणि मिळालं नाही, ते विसरलात? मावशी म्हणाल्या, विसरले कशाला? पण तेव्हा रागानं सगळा भार उचलून घेतला गं मी. त्यानं घे म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी दादा खिडकीपाशी त्यांच्या लाल खुर्चीत मान टाकून झोपले होते. सुनेनं भांडी आवरली, हात पुसले आणि आडवं व्हायला जाण्याआधी, रोज विचारायची तसं विचारलं, "आई, काही हवंय का?" या प्रश्नाचं त्या घरात एकच उत्तर होतं, मला काय हवंय. ते ऐकायला थांबायचीही गरज नव्हती, म्हणून ती निम्मी वळलीसुद्धा होती.

"ऐक ना," मावशी म्हणाल्या.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. डोक्यावरचा रुमाल त्यांनी एका हातानं काढून मांडीवर ठेवला होता. पांढऱ्या केसांचा सगळा गुंता झाला होता. हात बांधल्यापासून त्यात फणी गेली नव्हती, आणि हे घरात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांनी फणी पुढं केली.

"माझे केस विंचरून दे."